एका चेहऱ्यापुरता पिवळा

मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. तेव्हा जरा जवळ सरकून बसा. मी मेकअपचा डबा आहे. पत्र्याचा, आतून तीन मजली. झाकण उचललं की मजले आपोआप बाजूला सरकतात आणि बघणारा "अरे वा!" म्हणतो. तेवढीच माझी श्रीमंती. शिक्षण म्हणाल तर शाळा मी पाहिली ती शूटिंगपुरतीच. पण चेहरे पुष्कळ पाहिले, आणि तेही अगदी जवळून.

माझा पहिला धनी मेकअपमन होता. रंग तो बाजारातून आणायचा नाही. मंद आचेवर मेण वितळवायचा, त्यात पूड घोटायचा आणि माझ्या खणात ओतून फुंकर घालायचा. सकाळी ज्याला राजा केलं त्यालाच दुपारी भिकारी करायचा. शेजारी त्याची लेक बसलेली असायची. चेहरा गोल, डोळे बाहुलीसारखे, म्हणून तिला ठकी म्हणायचा. पुढे तिचे केस पिकले तरी ती सगळ्यांची ठकीच राहिली.

धन्याचा हात थरथरू लागला तेव्हा त्यानं मला ठकीकडे दिलं. लोक काही गप्प बसले नाहीत. "बाईमाणूस मेकअप करणार? केस विंचर म्हणावं!" म्हातारा म्हणाला, "लक्ष देऊ नकोस, पोरी. चेहरा आधी बघावा, मग हात लावावा. एवढं केलंस की झालं." ठकीनं ते गाठीला बांधलं.

अशी वर्षं गेली, आणि मग तो सिनेमा आला.

भाड्यानं घेतलेलं एक घर होतं. खाली स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, आणि जिन्याखालच्या अडगळीत आमची मेकअपची खोली. गोष्ट एका चित्रं काढणाऱ्या बाईची. नवरा आधी तिच्या चित्रांना हसतो, मग ब्रश लपवतो, मग हात उगारतो. शेवटी ती चित्रं काखेत घेऊन घराबाहेर पडते. गोष्ट लिहिणारी आणि सिनेमा करणारी एकच, तिला सगळे बाई म्हणायचे. पैसा तिच्या नवऱ्याचा, म्हणून तो मालक.

पहिल्याच आठवड्यात हिरोईनच्या गालावर माराचा डाग रंगवायचा होता. ठकीनं बापाच्या पद्धतीनं रंगवला. लालभडक, गोल, लांबून दिसेल असा. बाई वाकून बघत राहिल्या.

"हा कधीचा म्हणायचा, ठकी?"

"गोष्टीत चार दिवसांचा आहे, बाई."

"मग लाल कसा राहील? तोवर कडेनं पिवळा पडतो. मधे जांभळा, आणि जरा खाली उतरतो. हसताना ओढ बसते, म्हणून माणूस एकाच बाजूनं हसतं. हेही हिला सांग."

"बाई, हे पुस्तकात वाचलंत?"

बाईंनी माझ्या खणांकडे बघितलं. "हो. पुस्तकातच."

ठकीनं डाग पुसला आणि पुन्हा रंगवला. पिवळ्यात हिरव्याचं एक बोट. हिरोईननं आरशात बघितलं आणि तिची बडबडच थांबली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी बाई आमच्या खोलीत आल्या. मानेवरची ओढणी सोडून खुर्चीत बसल्या. "कपाटाचं दार लागलं गं."

"कपाटं वाईटच हो," ठकी म्हणाली. बस्स, एवढंच.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. निळाजांभळा डाग झाकायचा तर नुसता कातडीचा रंग थापून भागत नाही, तो वर राखेसारखा दिसतो. आधी पिवळा लावावा लागतो. पिवळा निळ्याला गप्प करतो, मग वर कातडी चढवायची. म्हणजे माझ्या ज्या खणातून हिरोईनचा खोटा डाग यायचा, त्याच खणातून बाईंचा खरा डाग झाकला जायचा.

मग कधी जिना, कधी न्हाणीघराची फरशी. बाई सांगायच्या, ठकी मान डोलवायची. तिची बोटं मात्र गार पडायची. हे फक्त मला कळायचं.

मालक माणूस दिसायला मोठा गोड. सगळ्यांसाठी गरम जेवण घेऊन येणार, लाइटवाल्या मामांच्या गुडघ्यांची चौकशी करणार. एकदा ताट हातात घेऊन म्हणाले, "दुसऱ्यांच्या बायका दागिने मागतात, आमच्या बाईसाहेबांनी कॅमेरा मागितला! दागिना मोडून पैसा तरी येतो, नाही का मामा?" सगळे हसले. बाईही हसल्या. एकाच बाजूनं.

शूटिंग संपायच्या आदल्या दिवशी मालक आमच्याच खोलीत बाईंशी बोलले. ठकी चहाला गेली होती. मी होतो, पण डब्याला कोण विचारतो?

"शेवट बदल. ती दारापर्यंत जाते, नवरा हात धरतो, ती चित्रं खाली ठेवते. लोक डोळे पुसत घरी जातील."

"तो माझा शेवट नाही."

"पिक्चर माझा आहे."

"गोष्ट माझी आहे."

मालक हळूच हसले. त्या हसण्याची मला अजून भीती वाटते. "उद्या दुपारी येतो मी. माझ्यासमोर घ्यायचा, मी सांगतो तसा."

उद्याचा दिवस शेवटचा. संध्याकाळी घराच्या किल्ल्या परत द्यायच्या होत्या. ते यायच्या आत आपला शॉट उरकायचा, असं बाईंनी मनाशी धरलं होतं.

सकाळी बाई आल्या त्या काळा चष्मा लावून. खुर्चीत बसून त्यांनी तो काढला, आणि ठकीचा हात माझ्या झाकणावरच थांबला. डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत. या वेळी बाईंनी कपाटाचं नाव घेतलं नाही, ठकीनंही मान डोलवली नाही.

"पटकन लाव, मग हिरोईनला बसव. गाडी आली की संपलं सगळं."

ठकीनं खण उघडला. पिवळा तळाला गेला होता. चमच्याच्या टोकानं खरवडला तर एका चेहऱ्यापुरता निघाला असता, जेमतेम.

तुम्ही म्हणाल, इतकी जुनी कारागीर, रंग संपत आला हे कळू नये? त्याचं असं झालं. ठकीनं रंग घोटून आणला होता तो एका चेहऱ्याच्या हिशेबानं. दुसरा चेहरा आपण रोज रंगवतोय, हे तिनं बाईंना भासू दिलं नव्हतं, तसं स्वतःलाही भासू दिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीसाठी रंग कोण राखून ठेवतो?

बाजार लांब. माझ्यात लाल होता, निळा होता, तपकिरी होता. पण काहीही कालवलं तरी पिवळा होत नाही.

"बाई, तुम्हाला लावते. तिचा गाल आज कोराच राहू दे."

"कोरा? मग ती घर सोडून का चाललीये, ठकी?"

"मग चष्मा लावा."

"काळ्या काचेतून शॉट कसा बघू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दोघी जागच्या जागी गोठल्या. रस्त्यावरची दुसरीच कुणाची तरी गाडी होती, निघून गेली. बाईंच्या हातातला चष्मा मात्र खाली पडला होता.

"सगळे बघतील हो," ठकी पुटपुटली.

"बघतील." बाई बराच वेळ आरशात बघत राहिल्या. "बघू देत. हिरोईनला लाव."

हिरोईन नेहमीसारखी टाळ्या देत आली आणि बाईंना बघून दारातच अडखळली. "बाई, हे..."

"बस खाली. शेवटच्या शॉटचं वाक्य पाठ आहे ना?"

"शेवटच्या शॉटला मला वाक्यच नाही, बाई."

"तेच पाठ ठेव."

बाई उघड्या चेहऱ्यानं सेटवर गेल्या. ठकी मला घेऊन मागोमाग. लोकांनी माना खाली घातल्या, कुणी उगीच वायर गुंडाळू लागला. पहिल्या खेपेला चित्राची चौकट दाराला घासली. दुसऱ्या खेपेला ऊन गेलं. सगळ्यांचे कान फाटकाकडे. तिसऱ्या खेपेला कॅमेरा चालू झाला आणि फाटकाशी गाडी थांबली. या वेळी तीच.

मालक आत येऊन उभे राहिले. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. हिरोईन चित्रं काखेत घेऊन पायऱ्या उतरली, कॅमेऱ्याजवळून गेली, दाराबाहेर पडली. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कट."

त्या वळल्या तेव्हा मालकांना चेहरा दिसला. सगळे आपल्याकडेच बघताहेत हेही दिसलं. ते मोठ्यानं हसले. "अगं, तुलाही रंगवलं का या ठकीनं? वा ठकी, हुबेहूब!"

कुणी हसलं नाही. मी ठकीच्या हातात होतो, माझे तिन्ही मजले खडखडत होते. या धंद्यात पैसेवाल्याशी वाकडं म्हणजे पोटाशी वाकडं.

"माझ्या हातचं काम नाही ते, मालक," ती म्हणाली. "माझा रंग संपला होता."

मालकांचा आवाज उतरला. "बरं. आता माझा शेवट घ्या."

दारातून हिरोईन आत आली. सगळा गाल तिनं पदरानं पुसून काढला होता. "चेहरा पुसला गेला, मालक. लावायला रंग नाही म्हणतात."

वर शिडीवर खट्ट झालं, सेट अंधारला. "माझाही दिवा गेला," लाइटवाले मामा म्हणाले. "गुडघे बरे असते तर उतरून बघितला असता."

मालक बाईंच्या अगदी कानाशी गेले. "घरी चल."

माझ्या बिजागऱ्या आवळल्या. असल्या सुरातलं 'घरी चल' काय असतं, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

बाई म्हणाल्या, "काम राहिलंय." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "खोलीचा आवाज घ्यायचाय. सगळे गप्प."

हीसुद्धा आमच्या धंद्यातली रीत. शेवटी रिकाम्या खोलीची शांतता माइकवर धरतात. तोवर खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही. दुसऱ्यांनी मिनिटभर घेतली असती. बाईंनी ती लांबवत नेली. मालकांनी तोंड उघडलं की आवाजवाला फक्त हात वर करायचा. खोलीत नुसते श्वास होते. शेवटी मालक आपण होऊन बाहेर गेले. गाडीचं दार आपटलं. बाईंनी डोळे मिटले आणि मग कुठं म्हणाल्या, "झालं."

त्या संध्याकाळी बाई ठकीबरोबर रिक्षात बसून तिच्या घरी आल्या. मी दोघींच्या मांडीवर होतो. प्रत्येक वळणावर दोघी मागे बघत होत्या.

पुढचं थोडकं आहे. मालकांनी सिनेमा बरेच दिवस दाबून ठेवला. पण दुसरा शेवट नव्हता, आणि हिरोईन पुन्हा उभी राहायला तयार नव्हती. अखेर आहे तसाच विकून टाकला. ठकीवर 'तोंडाळ' असा शिक्का बसला. मोठी कामं गेली. आता आम्ही एका फोटो स्टुडिओत असतो. माझा वरचा मजला सरकत नाही, कडेला गंज चढलाय. बाई दोन गल्ल्यांपलीकडे एकट्या राहतात, नवी गोष्ट लिहितात. गाडी थांबली की अजून दचकतात. भीती एवढ्यात जात नाही हो, पण लिहिणं थांबलेलं नाही.

मी सिनेमा पाहिला नाही, डब्याला तिकीट कोण देतो? ठकी पाहून आली. म्हणाली, शेवट बाईंचाच आहे. पण मालकांनी बाईंचं नाव पार शेवटाला टाकलंय, बारीक अक्षरात. नवऱ्याचं आडनाव नसलेलं, त्यांचं स्वतःचं नाव. तोवर लोक चपला शोधत उठलेले असतात.

तेवढीच माझी विनंती. तुमच्या गावात तो सिनेमा आला तर हिरोईन दाराबाहेर पडली म्हणून उठू नका. नावं वर सरकत राहतील, शेजारचा तुमच्या पायांवरून जाईल, कुणी दिवे लावायला सांगेल. बसून राहा. बाईंचं नाव अजून यायचंय.