सात बापांची नावं

तालायनं वही सासऱ्यासमोर ठेवली आणि पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं.

"लिहून द्या, बाबा. सातही नावं."

आसानबेकनं पेनाला हात लावला नाही. "लिहून कशाला? लग्नाच्या बोलणीत तुझ्या चुलत्यांपुढे घडाघडा म्हटली होती मी. तू तेव्हा मटणावर ताव मारत होतास, जावईबापू."

तालायची आई, सायरा, भिंतीला टेकून बसली होती. तिची नजर सुनेवरून हलत नव्हती. बुरुल तीन वर्षांच्या आयिमला मांडीवर घेऊन बटाटा भरवत होती. मधोमध पसरलेल्या कापडावर तळलेल्या पावाचा ढीग होता, साय होती, उकडलेलं मांस होतं. आयिमला यातलं काहीच चालत नव्हतं.

"दूध नाही, मांस नाही," आसानबेक नातीच्या गालाला बोट लावत म्हणाला, "मग बाई, तू किरगिझांच्या घरी जन्मलीस तरी कशाला?"

"तेच तर विचारायला आलोय," तालाय म्हणाला.

आठवड्यापूर्वी बिश्केकला डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या रक्ताचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले होते. एकाच जनुकात दोघांचाही तोच बदल. एकेकट्याला त्यानं काही होत नाही. दोन्हीकडून आला की मूल असं जन्मतं, साधं दूधही त्याच्या मेंदूला विषासारखं. खाणं सांभाळलंत तर पोरगी चांगली वाढेल, असं त्या म्हणाल्या होत्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं होतं, "हा बदल इकडे फार विरळा. आणि त्याच्या आजूबाजूचा मोठा भागही तुम्हा दोघांचा हुबेहूब सारखा आहे. तुम्ही जवळच्या नात्यातले आहात का?"

तालाय उठूनच उभा राहिला होता. सात पिढ्यांत नातं निघालं तर लग्न होत नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याचे सात बाप, म्हणजे बापाकडचे सात पिढ्यांचे पूर्वज, आता हयात नसलेल्या वडिलांनी त्याच्याकडून पाचव्या वर्षीच पाठ करून घेतले होते. म्हणजे खोटं बोललं होतं ते दुसऱ्या बाजूचं कुणीतरी. घरी आल्यावर सायरानं तेच बोलून दाखवलं होतं. "तुझ्या माहेरच्यांनी काहीतरी लपवलंय, सूनबाई. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

आसानबेकनं डोळे मिटून नावं म्हटली. तालायनं एकेक लिहून घेतलं, आपल्या यादीशी लावून पाहिलं, मग उलट्या क्रमानं पुन्हा म्हणायला लावलं. म्हातारा एकदाही अडखळला नाही. एकही नाव जुळलं नाही.

"पाठ केलेलं खोटंही असंच घडाघडा येतं," तालाय म्हणाला.

"माझ्या घरात बसून मला खोटारडा म्हणतोस?"

"बाबा, राहू द्या," बुरुल म्हणाली.

तालाय उठला. बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बुरुलची बॅग होती. ती त्यानं उंबऱ्याच्या आत ठेवली.

"खरं काय ते कळेपर्यंत राहा इथंच. आई, मी गाडी चालू करतो. खिंडीत बर्फ पडायच्या आत निघायचंय."

दार लागलं. बुरुलनं आयिमच्या तोंडाला लागलेला बटाटा पुसला, पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

आसानबेकनं बॅग उचलून भिंतीशी ठेवली. "विहीणबाई," तो म्हणाला, "लपवलं म्हणाल तर एकच गोष्ट आहे. पण ती नावांत येत नाही. मला एक धाकटा भाऊ होता. एक्कावन्न सालच्या हिवाळ्यात झाला आणि त्यातच आमची आई गेली. घरात दूध नव्हतं. मिठाचा ट्रक घेऊन आलेलं एक जोडपं बर्फात अडकून आमच्याकडे राहिलं होतं. मूलबाळ नव्हतं त्यांना. वडिलांनी देऊन टाकला. नाव विचारायचं नाही, शोधायचं नाही, असं ठरलं. मी आठ वर्षांचा होतो. एवढंच आठवतं, त्या ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची लढाईत गेली होती. त्या दोन बोटांत त्यानं दुपट्याची गाठ धरली आणि चालू पडला."

सायराच्या हातातला चहाचा वाडगा तिरका झाला. चहा कापडावर सांडला, पावाखाली शिरला. बुरुल पुसायला वाकली तेव्हा तिला दिसलं, सासूनं डाव्या हाताची तीन बोटं आत दुमडून घेतली होती आणि त्या हाताकडे ती बघत होती.

"आई? भाजलं का?"

"नाही." सायरा उठली. रुमाल बांधताना तिची गाठ दोनदा सुटली. आयिमच्या डोक्यावर हात ठेवून ती निरोप न घेताच बाहेर पडली.

गाडी गावाबाहेर पडली. तालाय एकटाच बोलत होता.

"जुळलं नाही म्हणजे म्हाताऱ्यानं एखादं नाव बदललंय. त्यांच्या गावातल्या दुसऱ्या कुणाला तरी गाठतो. तू म्हणत होतीस तेच खरं, आई. त्यांच्याकडेच काहीतरी आहे."

सायरा समोरच्या काचेतून रस्ता बघत होती. खिंडीची पहिली चढण आली.

"गाडी वळव," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"वळव म्हणते ना."

त्यानं गाडी कडेला घेतली. "आता परत त्या दारात जायचं? कशाला?"

"त्यांच्या भावाला कुठे पुरलंय, ते सांगायचं राहिलं."

"कुठल्या भावाला? आणि तुला काय माहीत?"

सायरानं मुलाकडे पाहिलं नाही.

"दर ईदला तूच तर जातोस त्या कबरीवर," ती म्हणाली.