नळीच्या टप्प्यात

"मटेरियल्स इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय गं? विटा, सिमेंट?" आत्यानं विचारलं.

"धातू, काच, प्लास्टिक. वस्तू का तुटते ते शिकायचं."

"तुटली की नवी आणायची. त्याला चार वर्षं कशाला?"

बाबा हसले. हसलं की त्यांना दम लागतो, त्यामुळे आमच्या घरात विनोद बेतानं करतात. पूर्वी ते बस चालवायचे. आता त्यांच्या नाकात नळी असते आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असतं. नळी पुढे गॅलरीच्या कठड्यापर्यंत पोचते, मागे माझ्या टेबलापर्यंत. बाबा त्याला शेवटचा स्टॉप म्हणतात.

मटेरियल्सचं कॉलेज रात्रभराच्या प्रवासावर होतं. बायोमेडिकलचं गल्लीच्या टोकाला.

"बायोमेडिकल घे. घरचंच मशीन आहे, प्रॅक्टिकलला बाहेर जायला नको," आत्या म्हणाली. "ते तुझंच ऐकतं. तू नसताना बोंबललं तर मी काय करू, गाणं म्हणू त्याच्यापुढे?"

"तिचं तिला ठरवू दे," बाबा म्हणाले.

मी खोलीत येऊन लॅपटॉप उघडला. पसंतीक्रम भरायचा आज शेवटचा दिवस होता. टेबलावर माझा डबा होता. बाबांची नळी दर वेळी वळणापाशी एकाच जागी चिरते. ते सगळे तुकडे मी त्यात जपून ठेवलेत. आत्या त्याला माझा दागिन्यांचा डबा म्हणते. नळी त्याच जागी का चिरते, एवढंच मला शिकायचं होतं.

मी मटेरियल्स पहिलं टाकलं. खुर्ची जराशी मागे सरकवली आणि शेवटचं बटण दाबायचं म्हणून बसून राहिले.

बाहेर मशीन बोंबलायला लागलं.

मी वळले. बाबा माझ्या मागेच उभे होते, भिंतीला धरून. ओठ निळसर. नळी माझ्या खुर्चीच्या पायाखाली चेपली होती.

मी ताडकन उठून खुर्ची उचलली. नळी हळूहळू फुगली. मशीन गप्प झालं.

"बाबा, सांगायचं ना."

"तू विचार करत होतीस," श्वास पुरल्यावर ते म्हणाले. "म्हटलं, मध्येच हॉर्न कशाला मारा."

मी क्रम बदलला आणि बटण दाबलं.

"काय घेतलंस?"

"गल्लीतलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं. जाताना वर बघत जा. गॅलरीत असेन."

मग नळी कोपरावर गुंडाळत ते सावकाश परत निघाले, माझ्या पायात येऊ नये म्हणून.