मोठं आतडं उशिरा उठतं

सासू आणि जावई यांच्यात नऊ वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. त्या 'जावईबापू' म्हणायच्या, ते 'आई' म्हणायचे, आणि एवढ्या भांडवलावर नातं ठाकठीक चाललं होतं. एकमेकांसमोर दोघं जांभईसुद्धा तोंड मिटून द्यायचे.

अशा दोघांना नशिबाने एका खोलीत कोंडलं. सासूबाईंच्या आतड्याला पीळ पडला, ऑपरेशन करून तो सोडवावा लागला, आणि नेमकी मुलगी तापाने अंथरुणाला खिळली. मग उशाशी बसायला जावईबापूंशिवाय होतं कोण? कापडाच्या गोदामात आवक-जावक सांभाळणारा माणूस रजा टाकून खुर्चीत येऊन बसला, तो हललाच नाही. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

सर्जनबाई ठेंगण्या आणि तोंडाच्या फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "आतड्यांना कुणी हात लावलेला खपत नाही. लावला की रुसून झोपतात. लहान आतडं भाबडं, लवकर समजूत निघते. जठराला दिवसभर विनवावं लागतं. मोठं आतडं मात्र घरातल्या थोरल्यासारखं, सगळ्यांच्या शेवटी उठणार. ते उठलं की वारा सरतो. तोवर पाण्याचा थेंबही नाही."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एकच सवाल, "आजी, वारा सरला का?" आणि सासूबाई भिंतीकडे बघायच्या, जणू भिंतीलाच विचारलंय. त्या शाळेत हेडबाई होत्या, विज्ञान शिकवायच्या. पचनसंस्थेचा तक्ता लावून घास तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात, मग लहान आतड्यात असा झोकात न्यायच्या, आणि मोठ्या आतड्याशी पोचल्या की छडी खाली ठेवून म्हणायच्या, "पुढचं घरून वाचून या."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर सलाईनची बाटली बदलत होती. खोलीत आवाज झाला. बारीक, लांबलेला, शेवटी जरा बिचकलेला. जावईबापूंवर चांगले संस्कार झालेले. ते चटकन म्हणाले, "माफ करा हं सिस्टर. चहा बाधला बहुतेक."

सिस्टर फिस्सकन हसली. "तुमचं काय घेऊन बसलात! आम्ही आजींच्या वाऱ्याची वाट बघतोय."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या नजरेत ओलावा होता. जावईबापूंनी तो मनातल्या मनात जमेला धरला आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिले.

संध्याकाळी सर्जनबाईंनी पोट दाबून पाहिलं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. "अजून काहीच नाही? वाराही नाही?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

सर्जनबाईंच्या आवाजातला फटकळपणा एकदम गेला. "मग मला हे बरं दिसत नाही. पीळ पुन्हा पडला असावा. आज स्कॅन करू. तसं निघालं तर सकाळी परत पोट उघडायचं. या वयात, लगोलग दुसऱ्यांदा भूल..."

एकाचा गठ्ठा दुसऱ्याच्या नावावर चढवला की अख्ख्या गोदामाचा मेळ बसत नाही, हे जावईबापूंना काही नवीन नव्हतं. आणि सकाळी त्यांनी काय केलं होतं? शिवाय दुपारभर सासूबाई दात आवळून का पडल्या होत्या, तेही आता डोक्यात शिरलं.

"डॉक्टर, सकाळी जो वारा सरला ना..." जावईबापू म्हणाले. "तो माझा नव्हता."

"जावईबापू!" सासूबाई उशीवरून कडाडल्या. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत तुम्ही! सिस्टर साक्षीला आहे!"

सर्जनबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. "वारा एक, आणि धनी कुणीच नाही?"

"आई," जावईबापू म्हणाले, आणि नऊ वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर पडलं, "घरी जाऊन हिला काय सांगू? की आम्ही दोघं इतके सभ्य, की तुझ्या आईचं पोट दुसऱ्यांदा फाडू दिलं? मी खोटं बोललो, तुमचा मान राखायला. आता तुम्ही खरं बोलून आमच्या घराला आई राखा."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "माझाच होता. दुपारी आणखीही येत होते. अडवून धरले. काय करणार? हे खुर्चीतून उठतील तर शपथ!"

सर्जनबाईंनी हसू दाबत स्टेथोस्कोप पोटाला लावला आणि जरा वेळ ऐकलं. "चांगली गुरगुर चाललीय की! थोरले उठलेत. स्कॅन तूर्त राहू दे, तासाभराने परत बघते. जावईबापू, तुम्ही आधी व्हरांड्यात व्हा."

जावईबापू व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आत जे झालं ते दार बंद असूनही लपण्यासारखं नव्हतं. समोरून जाणारा वॉर्डबॉय दचकून थांबला. जावईबापूंना मात्र ते सनईपेक्षा गोड लागलं. त्यांनी डोळे पुसले, नाकही पुसलं.

तासाभराने सर्जनबाईंनी पोट पुन्हा दाबलं. मऊ होतं. "द्या पाणी. चमच्याचमच्याने."

सिस्टर चमचा भरायला गेली, तर सासूबाईंनी मान हलवली. "त्यांच्याकडे दे."

जावईबापूंनी चमचा ओठांशी नेला. निम्मं पाणी हनुवटीवर सांडलं. उरलेलं घशाखाली उतरलं, तसे सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बाहेर ऐकू आलं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काय ते, आई?"

"परत खोटं?"

"आलं. सगळं आलं."

सासूबाईंना हसू फुटलं. टाके दुखले, तसं "आई गं!" करून त्यांनी पोट धरलं, आणि तरी हसतच राहिल्या. जावईबापूही हसले, तेही तोंड उघडून.

"पुरे आता," त्या जावयाला म्हणाल्या. "दुसरा चमचा आण. आणि या खेपेला नीट भरव."