लेखिकेच्या अकरा चुका

परीकथा म्हटली की ती लहान मुलांचीच असणार, असा शैलेंद्रचा पक्का समज होता. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. विमानतळाजवळच्या एका माल वाहतुकीच्या कंपनीत नोकरी धरून तो बायको-मुलीसह पुण्याहून नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पला आला, तेव्हा गुंजन सहा वर्षांची होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकांचा संच दिसला. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर पंख. हा गडी आत एक पानही न चाळता संच उचलून घरी घेऊन आला.

गुंजनला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, शाळेत डच शिकता शिकताच ती मेटाकुटीला यायची. म्हणून जेवणं झाली की शैलेंद्र इंग्रजी पान समोर धरायचा आणि मराठीत गोष्ट सांगायचा. विसाव्या पानावर परीने खंजीर काढला. चाळिसाव्या पानावर तिने एका राजपुत्राचं चुंबन घेतलं, तेही चांगलं दीड पानभर. पुस्तक सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी होतं, हे आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. पण गुंजन डोळे विस्फारून ऐकत होती आणि थांबण्याची सोय उरली नव्हती. मग शैलेंद्रने कात्री चालवायला घेतली. चुंबनांचे नमस्कार झाले, दारूचं कोकम सरबत झालं. परीलोकातली माणसं सरबत पिऊन झोकांड्या का खातात, हे सहा-सात वर्षांच्या मुलीने कधी विचारलं नाही.

खरी पंचाईत तिसऱ्या पुस्तकात आली. त्यात एकाच पंखाचा एक म्हातारा द्वारपाल होता. मूळ नाव जिभेला झेपेना म्हणून शैलेंद्रने त्याचं बाळोजी केलं होतं, आणि गुंजनचा त्याच्यावर भारी जीव. पुलावरच्या लढाईत बाळोजी मरतो, हे शैलेंद्रने अर्धं पान आधीच पाहिलं. त्याने पोरीकडे पाहिलं. ती श्वास रोखून बसली होती. शैलेंद्रने बाळोजीला पुलावरून नदीत पाडलं, एका पाणमांजराकडून काठाला लावलं आणि गरम पेज पाजली. गुंजन रोज बाळोजीची चौकशी करायची, त्यामुळे पुढची दोन पुस्तकं शैलेंद्रला पदरचा मजकूर घालून तो पोसावा लागला. शेवटी शेवटी तर बाळोजीने खानावळ काढली आणि ती बरी चालली.

त्या पाच पुस्तकांवर गुंजनचं वेडं प्रेम जडलं. पुढे इंग्रजी आलं तरी तिने ती पुन्हा उघडली नाहीत. बाबाने सांगितली म्हणजे आपली वाचून झाली, असा तिचा हिशेब.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत कोरोनामुळे शाळा बंद होत्या आणि घरावरून एरवी दर दोन मिनिटांनी जाणारी विमानं जवळपास थांबली होती. शैलेंद्र जेवणाच्या टेबलावरून नोकरी करत होता, त्याची बायको मीनल झोपायच्या खोलीतून, आणि बारा वर्षांची गुंजन आपल्या खोलीतून शाळा. घर लहान होतं, पण तिघं गुण्यागोविंदाने राहत होती. अशात त्याच लेखिकेचं नवं पुस्तक आलं. त्याच परीलोकातली, पण वेगळ्या नायिकेची गोष्ट. गुंजनने साठवलेल्या पैशांतून ते मागवलं, दोन दिवसांत संपवलं आणि तणतणत टेबलापाशी आली.

"बाबा, लेखिका स्वतःचंच पुस्तक विसरली. तो एका पंखाचा द्वारपाल, म्हणजे आपला बाळोजी, मेलाय म्हणे. पहिल्याच पानावर त्याची मुलगी त्याच्या थडग्यापाशी उभी आहे, आणि अख्खं पुस्तक ती बापाच्या मारेकऱ्याला शोधतेय."

गुंजनने वही पुढे केली. लेखिकेच्या चुका तिने नंबर घालून लिहिल्या होत्या, एकूण अकरा. नववी चूक अशी की परीलोकातली माणसं सरबताऐवजी दारू पिताना दाखवली आहेत. गुरुवारी तिला वर्गापुढे, म्हणजे पडद्यावरच, याच पुस्तकाबद्दल बोलायचं होतं आणि ही अख्खी यादी वाचून दाखवायची होती. वर्गातल्या फेम्केने पाचही पुस्तकं वाचली आहेत, तीसुद्धा चाट पडेल, असं गुंजन खुशीत म्हणाली.

मीनलला हे कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "आजच सांगून टाक," ती म्हणाली. "नाहीतर ती फेम्के सगळ्यांसमोर हिचं हसं करेल."

सांगणं भाग होतं. पण शैलेंद्रला धास्ती निराळीच होती. हल्ली मुलगी त्याच्याशी डच-इंग्रजीतच बोले. पूर्ण मराठी वाक्यं फक्त त्या गोष्टींपुरती उरली होती. त्या गोष्टीच खोट्या निघाल्या, तर दोघांमध्ये बाकी काय राहणार, या विचाराने त्याला खरोखर भीती वाटली.

मंगळवारी दुपारी कालव्याच्या कडेने फिरताना त्याने एका दमात सगळं सांगितलं. नमस्कार, सरबत, पाणमांजर, खानावळ, काही लपवलं नाही. गुंजनने फक्त एवढंच विचारलं, की अकराच्या अकरा? तो हो म्हणाला. ती झपाझप पुढे निघून गेली आणि घरी येऊन तिसरं पुस्तक घेऊन तिने दार लावलं. दीड दिवस ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. मीनलने दोघांच्या मध्ये पडायचं साफ नाकारलं.

बुधवारी संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"बाळोजी मेला," ती म्हणाली. "मी खूप रडले. लेखिकेने ते फार छान लिहिलंय, बाबा. तुझ्यापेक्षा छान. तू मला रडूच दिलं नव्हतंस."

हे शैलेंद्रला लागलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच लागलं. त्याने सबब सांगितली नाही. त्या दिवशी तू शाळेतून आधीच रडत आली होतीस, कुणी तुझ्याशी खेळलं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा तुला रडताना बघायची माझ्यात ताकद नव्हती, असं त्याने सांगितलं. गुंजनने ऐकून घेतलं, यादीचं पान फाडलं आणि परत आत गेली.

गुरुवारी ऑफिसची मीटिंग चालू असताना शैलेंद्रने आपला माइक बंद केला, कान मात्र गुंजनच्या दाराला लावले. त्याचं डच यथातथाच, तरी बहुतेक कळलं. नवं पुस्तक तिला मनापासून आवडलं होतं. बापाच्या मारेकऱ्याला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, सगळ्यांनी वाचा, असं तिने सांगितलं. आपण त्याला दहापैकी नऊ गुण देतो, असंही ती म्हणाली. एक का कापला, असं तिच्या बाईंनी विचारलं. तेव्हा गुंजन म्हणाली, की आमच्या घरी या मालिकेची दुसरी आवृत्ती आहे, ती माझ्या बाबाने केली आहे, आणि तिच्यात हा म्हातारा अजून जिवंत आहे. ती कुठे मिळेल, असं फेम्केने विचारलं. ती छापलेली नाही, गुंजन म्हणाली, आणि तिच्यासाठी मराठी यावं लागतं. शैलेंद्रने डोळे पुसले. कॅमेरा चालूच आहे, हे त्याला उशिरा आठवलं.

मधल्या सुट्टीत गुंजन टेबलापाशी आली, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि तिने त्याचा लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला.

"लेखिकेने तिचा पुढचा भाग लिहिला," ती म्हणाली. "आता तू तुझा सांग. बाळोजी सध्या काय करतोय?"

शैलेंद्रच्या समोर ना पुस्तक होतं ना पान. त्याने घसा साफ केला.

"सध्या ना," तो म्हणाला, "खानावळ बंद आहे. सरकारचा हुकूम. त्यामुळे बाळोजी घरीच असतो, मुलीजवळ."