कोपऱ्यातला फुलोरा

मस्तगडच्या कचरूलाल शेठच्या घरात १९५७ साली धाकट्या सुनेनं, राजकुमारीनं, कोपरा धरला. म्हणजे नवरा गेल्यावर वर्षभर अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात बसायचं. वर्ष भरलं की भावानं येऊन माहेरी न्यायचं. तिचं वय एकोणीस. नियम इतका जुना होता, की कुणी केला हे विचारायची सोय नव्हती.

भाऊ लालचंद पुण्याला शेतकी कॉलेजात शिकलेला. तिला सोबत म्हणून त्यानं एक कुंडी आणून दिली. "आफ्रिकेचं झाड हाय, बाई. ऊन सोसत न्हाई. सावलीतच फुलतं."

फाल्गुनात ते फुललं. पट्ट्यासारख्या पानांतून शेंदरी फुलांचा झुबका. मोलकरीण आसराबाईनं गल्लीत सांगितलं आणि बायका नारळ घेऊन आल्या. अंधारात फूल! पोरीच्या शीलाचंच तेज! वर्षभर तिचं तोंड पाहणं ज्यांना अपशकुन वाटत होतं, त्या आता तिच्या पाया पडू लागल्या.

वर्ष भरलं. लालचंद भोकरदनहून न्यायला आला.

"आता कशी धाडू? घराचं पुण्य हाय ते," शेठ म्हणाले.

"काकाजी, झाडच सावलीचं हाय. कुठंबी फुललं असतं."

"आमच्या कोठारात अंधार काय कमी हाय? तिथं का न्हाई फुललं?"

"तिथं झाड न्हाई ना!"

"बघा," शेठ बैठकीतल्यांना म्हणाले, "जास्त शिकलं की असं होतं."

पंधरा दिवसांनी येतो म्हणून लालचंद गेला. राजकुमारीनं आसराबाईचे पाय धरले.

"मावशी, याला ऊन दाखव."

"मरंल की ते."

"मरू दे. मंग मला सोडतील."

आसराबाई रोज सकाळी कुंडी चोरून माळवदावर चढवायची, दिवेलागणीला उतरवायची. चैत्राचं ऊन आणि पाण्याचा थेंब नाही. दहा दिवसांत पानं करपून लोळली.

लालचंद आला, तर खोलीला बाहेरून कडी.

"पाप आलं असंल मनात," सासू इचरजबाई म्हणाली. "त्याबिगर जळतं व्हय?"

"बिरादरीनं प्रायश्चित्त सांगितलंय," शेठ म्हणाले. "झाड पुन्हा फुलंपर्यंत कोपरा सोडायचा न्हाई."

लालचंदनं कडी काढली, कुंडीतली माती उकरली. मुळांच्या काड्या झाल्या होत्या.

"काकाजी, हे मेलंय."

"पाणी घालंल ती," शेठ म्हणाले. "तिला दुसरं काम काय हाय?"