वापरलेला सोफा

"आपल्याला काय कमी आहे?" हे देवरामचं ठरलेलं वाक्य. पंखा करकरायला लागला तरी हेच, पगार लांबला तरी हेच, आणि शेजारच्यांनी नवा फ्रिज आणला तरी दारात उभं राहून पेढा खाता खाता हेच. हे वाक्य ऐकलं की हेमांगीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि जास्त राग कशाचा, तर नवरा खोटं बोलत नव्हता. खरंच फार काही कमी नव्हतं. पण ते कमी पडू नये म्हणून दिवसभर कोण खपतं, हे त्या वाक्यात कुठेच यायचं नाही.

डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावर एक खोली आणि एक स्वयंपाकघर, एवढंच त्यांचं घर. सगळा संसार खोलीतल्या फरशीवर. सकाळी ऋतुराज तिथे पालथा पडून अभ्यास करायचा, त्याची नववी होती. दुपारी हेमांगी साड्या पसरून फॉल लावायची. साडी पसरायला अख्खी खोली लागते, हे ज्याने कधी फॉल लावलाय त्यालाच कळेल. संध्याकाळी कॉलेजातून आलेली संचिता वह्या मांडायची, देवराम वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधून यायचा, आणि मग चौघं गोल बसून जेवायची. त्यानंतर तिथेच गाद्या. एकाच फरशीवर एवढं सगळं बसवणं येरागबाळ्याचं काम नाही. हेमांगीने ते अठरा वर्षं बसवलं होतं, आणि मनातून तिला त्याचा अभिमानही होता.

आणि मग गणपतीनंतर तो सोफा आला.

सोफा देवरामच्या थोरल्या बहिणीचा, भावनाताईंचा. त्या ठाण्याला घोडबंदर रोडला मोठ्या बिल्डिंगीत राहायच्या. त्यांच्या घरात काही नवीन आलं की जुनं इकडे यायचं. आधी मिक्सर आला, मग पडदे, मग एक भलंमोठं घड्याळ. देवराम, जो घरात "काय कमी आहे" म्हणून छाती फुगवायचा, तो फोनवर ताईला मात्र म्हणायचा, "हो ताई, दे ना, लागेलच." लागेलच! डोंबल लागेल! हेमांगीला त्या "लागेलच" मध्ये आपलं घर गरीब होताना ऐकू यायचं. एकदा, फक्त एकदा, या माणसाने बहिणीला म्हणावं की ताई, नको, आमचं भागतंय. पण नाव नको.

टेम्पो शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकून आला. चॉकलेटी रेक्झिनचा, तीन जणांचा, दणदणीत सोफा. तो जिन्यात अडकला तेव्हा हेमांगीने देवाचे आभार मानले, पण देवराम फिटर ना! त्याने पाय काढले, पाठ काढली, सोफा वर चढवला आणि परत जोडला. वर आणि शहाणपण काय, तर त्याच्या पायांखाली वर्कशॉपमधून आणलेले लाकडी ठोकळे ठोकले. सोफा वीतभर उंच झाला. हेमांगी बसली तर तिचे पाय लोंबकळायला लागले.

"अहो, हे काय? सोफा आहे की मचाण?"

"खालून झाडू फिरतो व्यवस्थित," देवराम म्हणाला, आणि उगाचच सोफ्याच्या हातावरून हात फिरवत राहिला.

त्या दिवसापासून घराचा पार बट्ट्याबोळ झाला. ऋतुराजचे पाय झोपेत स्वयंपाकघरात जायचे. साडी अर्धी सोफ्यावर, अर्धी खाली, आणि फॉल वाकडा. एका बाईने दोन साड्या परत पाठवल्या. पण हेमांगीला सगळ्यात लागलं ते जेवणाचं. चौघं गोल बसायला जागाच उरली नाही. आधी मुलं जेवायची, मग ही दोघं. मुलांनी ताट मांडीवर घेऊन मोबाइल बघायला सुरुवात केली. घरात चार माणसं असून खानावळ झाली.

"ताईंना सांगा, घेऊन जा म्हणावं," ती रोज म्हणायची.

"बघू."

"बघू काय बघू? महिनाभर बघताय!"

"असू दे गं. भाऊबीजेला ताई येतेय आपल्याकडे."

हे आणखी एक. दोन वर्षं ताई आल्याच नव्हत्या. दरवेळी काहीतरी निमित्त, आणि देवरामच ठाण्याला जाऊन ओवाळून घ्यायचा. आता सोफा आला तर लगेच बाई यायला निघाल्या! आपली देणगी नीट मांडलीय का बघायला येतायत, दुसरं काय. हेमांगीचं पित्त खवळलं ते खवळलंच.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळीच देवराम ताईला आणायला ठाण्याला गेला. हेमांगीने खोली बघितली. ओवाळायला पाट मांडायचा, पाटाभोवती रांगोळी काढायची, समोर ताई उभ्या राहणार. कुठे? भावाला काय सोफ्यावर चढवून ओवाळायचं?

"ऋतू, खालून दोघातिघांना बोलाव. हा सोफा सोसायटीच्या ऑफिसात द्यायचा."

संचिता घाबरली. "आई, बाबांना विचार तरी."

"विचारलं की ते बघू म्हणतात. माझं बघून झालंय."

सोसायटीचे सेक्रेटरी त्र्यंबककाका, रिटायर्ड माणूस, प्रत्येक गोष्ट नियमाने करणारे. त्यांनी आधी सोफ्यावर बसून पाहिलं, मग समाधानाने मान डोलावली. "वहिनी, संस्था आपली ऋणी आहे. याची रीतसर नोंद होईल."

ठोकळ्यांसकट सोफा खाली गेला आणि हेमांगीची फरशी परत आली. तिने ती दोनदा पुसली. भिंतीला टेकून, पाय लांब पसरून पाच मिनिटं नुसती बसली. किती दिवसांनी! मग उठून रांगोळी काढली, पाट मांडला, पुऱ्यांची कणीक मळली. येऊ देत ताई. विचारू देत सोफा कुठे आहे. आज काय ते तोंडावर सांगायचं.

साडेअकराला रिक्षाचा आवाज आला. ती गॅलरीत गेली. देवराम आणि ताई गेटातून आत आले आणि सोसायटीच्या फळ्यासमोर थांबले. बराच वेळ थांबले. काय वाचतायत एवढं? पाण्याच्या वेळा?

मग जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. एक मजला चढायला किती तो थाट, हेमांगी पुटपुटली.

ताई दारात आल्या त्या भिंतीला हात लावून. घामाघूम झाल्या होत्या, पण हसत होत्या. मागे देवराम, खाली मान घालून.

"काय छान मोकळं ठेवलंयस गं," ताई म्हणाल्या.

हेमांगीने जुळवलेली सगळी वाक्यं राहिली बाजूला. "बसा ना ताई," म्हणत तिने चटई टाकली.

"नको नको, उभीच बरी. रिक्षात बसून बसून कंटाळले."

पाणी त्या उभ्याने प्यायल्या. चहाही उभ्याने. हेमांगी मनात म्हणाली, बघा, सोफा नाही तर बाई टेकायलाही तयार नाहीत, आमची फरशी चावते यांना! देवराम पाटावर बसला. ताईंनी तबक घेतलं, एक हात भिंतीवर ठेवला आणि ओवाळायला वाकल्या. तबक कललं. सुपारी घरंगळत पाटाखाली गेली. ताई सुपारीकडे नुसत्या बघत राहिल्या, उचलायला वाकल्या नाहीत.

"आत्या, खाली बस ना, म्हणजे नीट जमेल," ऋतुराज म्हणाला.

"खाली बसले तर उठणार नाही रे राजा. दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशन करायचं तर शुगर आडवी येते."

ताईंनीच हसून सावरायचा प्रयत्न केला. "अगं, म्हणून तर दोन वर्षं आले नाही. तुमच्याकडे सगळं खाली. आणि ते छानच आहे, आम्हीपण तसंच वाढलो. पण मला उंच काहीतरी लागतं टेकायला. तो सोफा..." आणि पुढे बोलल्या नाहीत.

हेमांगीला ठोकळे आठवले. वीतभर उंच केलेला सोफा आठवला.

"अहो!" ती देवरामवर कडाडली. "तुम्हाला तोंड दिलंय ना देवाने? मला सांगता येत नव्हतं?"

"ताईने शपथ घातली होती," देवराम पाटावरूनच म्हणाला.

"मीच घातली," ताई म्हणाल्या. "कसं सांगायचं गं? भावाच्या घरी मला बसायला जागा नाही, असं म्हणायचं? म्हणजे याच्या घरात काहीतरी कमी आहे असं झालं असतं ना. त्यापेक्षा म्हटलं, जुना झालाय म्हणून देऊन टाकावा."

"आणि खाली फळ्यावर?" हेमांगीने हळूच विचारलं.

"वाचलं आम्ही," ताई म्हणाल्या. "अक्षर छान आहे."

हेमांगी पदर खोचून तडातडा खाली गेली. फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, श्री. देवराम घाणेकर यांजकडून संस्थेच्या कार्यालयास एक सोफा, वापरलेला, सप्रेम भेट. संस्था आभारी आहे. ऑफिसात त्र्यंबककाका त्याच सोफ्यावर फराळाची बशी घेऊन बसले होते.

"काका, उठा. सोफा परत पाहिजे."

"वहिनी, असं कसं? देणगीची नोंद झाली. आता सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय मालमत्ता बाहेर देता येत नाही."

"सभा कधी आहे?"

"ऑगस्टात."

"ऑगस्टात! काका, वर माझी नणंद उभी आहे! सकाळपासून उभी आहे! मीच मूर्खपणा केला, मला कळलं नाही, आणि ज्यांना कळत होतं ते तोंडाला कुलूप लावून बसले. तुम्ही नियम सांगू नका मला आज!" तिचा आवाज फुटला, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

काकांनी बशी खाली ठेवली. ते वाईट नव्हते, फक्त सेक्रेटरी होते. "पूर्ण सोफा देणं माझ्या अधिकारात नाही हो," ते खरोखर अडचणीत पडून म्हणाले.

हेमांगीने सोफ्याकडे बघितलं. तीन जणांची बैठक. हा अख्खा वर नेला की परत तेच, फरशी गेली, साडी गेली, पंगत गेली. तिला काय तीन माणसं बसवायची होती?

"पूर्ण नको," ती म्हणाली. "एका माणसापुरता द्या."

काका विचारात पडले. "भागाबद्दल," ते सावकाश म्हणाले, "नियमांत काही नाही."

देवराम करवत घेऊन खाली आला. भाऊबीजेच्या भर दुपारी, नव्या शर्टावर भुसा उडवत, त्याने बहिणीचा सोफा कापला. दोन जणांचा भाग ऑफिसात राहिला, एका जणाचा वर निघाला. तोवर संचिताने आत्याला तांदळाच्या उंच कोठीवर बसवलं होतं, आणि आत्या तिथून पुऱ्या लाटायच्या सूचना देत होती.

खुर्ची झाली ती विचित्रच. एका बाजूला हात होता, दुसऱ्या बाजूला उघडं लाकूड. देवरामने चार ठोकळे पुन्हा ठोकले आणि ती भिंतीला लावली. हेमांगीने ती ओढून पुढे घेतली, पाटांच्या गोलात.

"तिकडे भिंतीला नको. इथे."

ताई बसल्या. पाय टेकले. त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग बसूनच, दोन्ही हातांनी नीट तबक धरून त्यांनी भावाला ओवाळलं. सुपारी कुठे गेली नाही.

पानं वाढली तेव्हा तीन वाजले होते. चौघं खाली गोल बसली, आणि त्याच गोलात ताई वर, मांडीवर ताट घेऊन. देवरामने सगळ्यांकडे बघितलं. त्याचा चेहरा खुलला. हेमांगीला कळलं, आता ते वाक्य येणार.

"आपल्याला काय कमी..."

"अक्कल!" हेमांगी म्हणाली. "तुम्हा दोघा भावंडांना. आणि तिसरी मी. जेवा आता गुपचूप."

पोरं हसली. देवरामने घास तोंडात घातला. हेमांगी मान खाली घालून वाढत होती, कारण वर बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं.

"हेमांगी," ताई वरून म्हणाल्या, जरा चाचरत. इतक्या वर्षांत त्यांनी या घराला कितीतरी गोष्टी दिल्या होत्या, मागितलं मात्र कधी काही नव्हतं. "अजून एक पुरी दे गं. गरम असेल तर."

हेमांगी उठली आणि तिने परत गॅस पेटवला.