चौथं मत

मेरिट हौगनने मतपत्रिकेवरच्या छापील नावावर सावकाश रेघ मारली, खाली आपल्या वळणदार अक्षरात दुसरंच नाव लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. शेजारी मत द्यायला बसलेल्या दंतवैद्याने मान तिरकी करून पाहिलं आणि घाईघाईने नजर समोर वळवली.

'घाबरट,' मेरिट मनाशी म्हणाला.

राज्याच्या वाट्याला देशाच्या अध्यक्षपदाची चारच मतं. नोव्हेंबरात लाखो माणसांनी थंडीत रांगा लावल्या आणि नाव वाचलं उमेदवाराचं. निवडले मात्र हे चार जण. राज्यात जो जिंकला त्याला चारही मतं, हरलेल्याला काही नाही. आज डिसेंबरात या चौघांनी राजधानीत येऊन ती मतं द्यायची. वीस वर्षं काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, पक्ष सांभाळला म्हणून मेरिटला हा मान मिळाला होता.

सकाळी वाटेत तो आणि त्याची बायको आर्डिस न्याहारीला थांबले, तेव्हा वाढणारी नोरीन कॉफीचं भांडं हातात धरून उभी राहिली होती.

"मिस्टर हौगन, मी दोन तास रांगेत होते. आमचं मत पोचतं ना हो तिथवर?"

"तू मत मला दिलंस, नोरीन. पुढे काय पोचवायचं ते मी बघतो. तू कॉफी ओत."

नोरीन कसंनुसं हसली. समोर बसलेली आर्डिस ताटाकडे बघत राहिली.

गाडी आर्डिसच चालवत होती. मेरिटचं तोंड चालू होतं.

"अर्ध्यांना नकाशावर स्वतःचं राज्य सापडायचं नाही, आणि मत पोचतं का म्हणे! पोचवून पोचवून पाठवलं कोणाला? आपल्याच पक्षाच्या त्या विदूषकाला. आज बघच तू. उद्या देशभर नाव छापून येईल माझं."

"तू प्रतिज्ञेवर सही केली आहेस, मेरिट. पक्षाच्या उमेदवारालाच मत देईन म्हणून."

"सही! ट्रॅक्टर विकताना हमीपत्रावरही करायचो मी."

आता सभागृहात राज्यसचिव केसलरबाईंनी चारही मतपत्रिका एकेक करून पाहिल्या. चौथीपाशी त्यांनी चष्मा नीट केला.

"मिस्टर हौगन, ही मला स्वीकारता येत नाही. मत प्रतिज्ञेप्रमाणे नाही. कायद्याने तुमची जागा रिकामी झाली आहे."

मेरिट उठला. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने दोन पानं काढून उलगडली.

"मला चार शब्द बोलायचे आहेत."

"बोलायला तुम्ही आता सदस्य नाही. कृपया मागे बसा."

एवढंच. आवाजात रागही नव्हता. वार्ताहरांच्या बाकावर एकच मुलगी होती. तिने मान वर केली, नाव कसं लिहितात ते विचारलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

मेरिटच्या जागी यायचा राखीव माणूस बर्फामुळे घाटापलीकडे अडकला होता. अशा वेळी हजर नागरिकांतून कोणालाही उरलेल्या तिघांनी निवडायचं असतं. प्रेक्षकांत मोजून सहा माणसं होती.

"आर्डिस आहे की," दंतवैद्य म्हणाला.

मेरिट मोठ्याने हसला. "तिला काय कळतंय यातलं?"

तिघांनी हात वर केले. आर्डिस उठली, पर्स खुर्चीवर ठेवून पुढे गेली. प्रतिज्ञा तिने ओळीवर बोट ठेवून पूर्ण वाचली आणि सही केली. मग नवी मतपत्रिका समोर आली. ती बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. मेरिट मागून खाकरला. त्याने लिहिलेलं नाव तिला ठाऊक होतं. अडतीस वर्षांत तिने त्याचा शब्द मोडलेला त्याला आठवत नव्हता.

आर्डिसने छापील नावासमोर खूण केली आणि कागद केसलरबाईंच्या हातात दिला.

"चार," त्यांनी जाहीर केलं.

परतताना गाडी शहराबाहेर पडताच मेरिट उसळला.

"माझ्या जागेवर बसून माझ्याच तोंडाला काळं फासलंस. त्या विदूषकाच्या नावावर खूण करताना हात नाही कापला?"

"कापला."

"नोव्हेंबरात नव्हता कापला!"

"नोव्हेंबरात मी त्याला दिलंच नव्हतं. समोरच्या पक्षाला दिलं."

मेरिटने तिच्याकडे पाहिलं आणि खांदे हलवत हसू लागला.

"या राज्यात? अगं, वाया घालवलंस की."

"हो. दर वेळी घालवते."

"दर वेळी म्हणजे? कधीपासून?"

"लग्न झालं त्या वर्षापासून."

"मग आज काय झालं होतं? आज एक तरी कमी करता आलं असतं त्याचं!"

"आजचं माझं नव्हतं," आर्डिस म्हणाली. "लोकांचं होतं. माझं मी देऊन झालं होतं."

"लोकांचं!" मेरिट फिसकारला. पुढे काही बोलणार तोच त्याचं हसू ओठांवरच थांबलं. बारा वर्षांपूर्वी तो पक्षातर्फे काउंटीच्या आयुक्तपदाला उभा राहिला होता आणि एका मताने पडला होता. दोनदा फेरमोजणी झाली, दोन्ही वेळा एकच. त्यानंतर कित्येक महिने तो शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घेऊन, कोणी दगा दिला असेल ते जेवताना मोठमोठ्याने सांगत असे. आर्डिस वाढत असे.

"आर्डिस."

"हं?"

"मी उभा होतो, त्या वर्षी..."

तिने वेग कमी केला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"समोर बघू दे, मेरिट. रस्ता निसरडा आहे."